विषम अंतराने घेतलेल्या रडार-संकेतांचे वर्णपटीय विश्लेषण
(पानशेतच्या पाणलोट क्षेत्राच्या अनुषंगाने)

१. प्रश्नाचे स्वरूप

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, आणि दुपारपर्यंत मुठेच्या काठच्या पुणे शहरातील पेठा पाण्याखाली गेल्या. धरण फुटण्याची कारणे त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या बांधकामात होती. त्यांची चर्चा येथे कर्तव्य नाही. तथापि त्या दिवसांत धरणावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात जो प्रश्न असला पाहिजे, तो आजही तितकाच खरा आहे : घाटमाथ्यावरून येत्या काही तासांत किती पाणी खाली येणार?

धरण पुढे पुन्हा बांधले गेले. त्याची साठवणक्षमता सुमारे १०.६५ अब्ज घनफूट आहे. टेमघर, वरसगाव व पानशेत या तिन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यात उतरते, आणि तेथून किती पाणी केव्हा सोडावयाचे यावर नदीकाठच्या लोकांची सुरक्षितता अवलंबून असते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सेकंदाला सुमारे ३५,००० घनफूट पाणी सोडावे लागले आणि सिंहगड रस्त्यालगतच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात पर्जन्यमापकांची संख्या वाढविण्यास मर्यादा आहेत. यास्तव पाऊस पडत असतानाच त्याचे क्षेत्र, त्याची तीव्रता आणि त्याला वाहून आणणारा वारा ही तिन्ही एका ठिकाणाहून पाहू शकणारे साधन म्हणून हवामान-रडारचे महत्त्व आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने मांढरदेवच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १.३ किलोमीटर उंचीवर, सुमारे ३.२ सेंटिमीटर तरंगलांबीचे, म्हणजे ज्यास एक्स-पट्टा म्हणतात त्या पट्ट्यातील रडार बसविले, आणि त्याच्या २०१४ च्या पावसाळ्यातील निरीक्षणांवरून सह्याद्रीवरील मेघांविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले आहे. मांढरदेवपासून पानशेत वायव्येस सुमारे ४७ किलोमीटरांवर आहे. प्रस्तुत लेखात हीच स्थळे उदाहरणासाठी घेतली आहेत. स्पंदांविषयीचे आकडे मात्र हिशेबाच्या सोयीसाठी योजलेले असून ते त्या यंत्राच्या प्रत्यक्ष कार्यपद्धतीचे वर्णन नव्हे.

रडारकडून मिळणारे मोजमाप अखंड नसते. ते ठराविक क्षणी घेतलेल्या नमुन्यांच्या रूपाने मिळते, आणि हे क्षण पुष्कळदा समान अंतरावर नसतात. काही वेळा ही विषमता हेतुपूर्वक आणलेली असते. काही वेळा ती यंत्राच्या वा हवामानाच्या लहरीने येते. अशा नमुन्यांतून वर्णपट काढता येतो काय, आणि काढलेल्या वर्णपटावर कितपत विश्वास ठेवावा, हा या लेखाचा विषय आहे.

२. स्पंद, कला आणि वेग

रडार अत्यल्प काळ टिकणारे विद्युत्-चुंबकीय स्पंद एकामागून एक पाठविते. प्रत्येक स्पंद पावसाच्या थेंबांवरून परावर्तित होऊन परत येतो. परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. वेग मात्र एका स्पंदावरून कळत नाही. त्यासाठी लागोपाठच्या स्पंदांच्या प्रतिध्वनींची कला ताडून पाहावी लागते.

थेंब रडारकडे अर्ध्या तरंगलांबीइतका सरकला, तर जाण्याचा व येण्याचा मार्ग मिळून एका पूर्ण तरंगलांबीने कमी होतो आणि कला एक पूर्ण फेरा करून मूळ ठिकाणी येते. ३.२ सेंटिमीटर तरंगलांबीसाठी हे अंतर १.६ सेंटिमीटर होय. दोन स्पंदांच्या दरम्यान थेंब किती सरकला हे आपण कलांतरावरून ओळखतो. पण कलांतर वर्तुळावर मोजले जात असल्यामुळे थेंब ०.८ सेंटिमीटरहून अधिक सरकला की तो पुढे गेला की मागे, हेच सांगता येत नाही. घड्याळाचा काटा दर पन्नास मिनिटांनी एकदाच पाहणाऱ्यास मिनिटकाटा उलटा, दर खेपेस दहा मिनिटे मागे, जात असल्यासारखा दिसावा, तसाच हा प्रकार आहे. खऱ्या कंप्रतेच्या जागी दिसणाऱ्या या खोट्या कंप्रतेस आपण छद्म कंप्रता म्हणू.

एका स्पंदांतरात पाव तरंगलांबीइतके स्थानांतर घडविणारा वेग ही समान अंतराच्या नमुन्यांची सीमा होय. १९२८ साली नायक्विस्टने तारायंत्राच्या संदर्भात आणि १९४९ साली शॅननने अधिक व्यापक स्वरूपात जो नियम मांडला, त्याचेच हे रडारमधील रूप आहे.

३. सम अंतराची कोंडी

समजा, रडार दर एक मिलिसेकंदाला एक स्पंद पाठविते. पुढचा स्पंद निघण्यापूर्वी मागच्याचा प्रतिध्वनी परत यावयास हवा. अन्यथा तो कोणत्या स्पंदाचा हे कळणार नाही. एका मिलिसेकंदात प्रकाश ३०० किलोमीटर जातो, म्हणून निःसंदिग्ध अंतर १५० किलोमीटर. त्याच स्पंदांतरात पाव तरंगलांबी, म्हणजे ०.८ सेंटिमीटर, हे कमाल स्थानांतर. म्हणून निःसंदिग्ध वेग सेकंदाला ८ मीटर. अंतराची मर्यादा वाढविण्यासाठी स्पंद विरळ करावेत तर वेगाची मर्यादा घटते. वेगाची वाढवावी तर अंतराची घटते. दोहोंचा गुणाकार प्रकाशवेग व तरंगलांबी यांच्या गुणाकाराच्या एक-अष्टमांश इतका कायम राहतो. यंत्र कितीही उत्तम केले तरी ही कोंडी फुटत नाही, कारण ती यंत्राची नसून सम अंतराची आहे.

सह्याद्रीवर ही अडचण केवळ तात्त्विक राहत नाही. जुलै महिन्यात द्वीपकल्पावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून वाहणारा एक जोरदार वायुप्रवाह असतो, हे १९६६ साली पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी दाखवून दिले. पावसाच्या जोरदार पर्वात त्याचा वेग सेकंदाला २० मीटरपर्यंत जाऊ शकतो. पानशेतवर असा पश्चिमेचा २० मीटरचा वारा असेल, तर मांढरदेवच्या दिशेने त्याचा घटक, म्हणजेच अरीय वेग, सुमारे ११.६ मीटर भरतो. एका मिलिसेकंदात थेंब १.१६ सेंटिमीटर सरकतात. रडारला मात्र ते १.६ वजा १.१६, म्हणजे ०.४४ सेंटिमीटर मागे गेल्यासारखे दिसतात. परिणामी ११.६ मीटरने रडारकडे येणारा वारा ४.४ मीटरने दूर जाताना दिसतो. घाटातील पाऊस हा बाष्पयुक्त वारा उतारावर चढल्याने पडतो. त्या वाऱ्याची दिशाच उलटी वाचली गेली तर अंदाज किती चुकेल हे सांगावयास नको.

४. विषम अंतराचा लाभ

आता स्पंद सम अंतराने न पाठविता आळीपाळीने ०.८ आणि १.२ मिलिसेकंदांच्या अंतराने पाठवू. सरासरी अंतर पूर्वीइतकेच, एक मिलिसेकंद आहे. स्पंदांची संख्या वाढलेली नाही. तरीही एक नवी गोष्ट हाती येते.

पहिल्या अंतरात थेंब ०.९२८ सेंटिमीटर सरकतात. कलेच्या वर्तुळावर ते ०.६७२ सेंटिमीटर मागे दिसतात, आणि वेग उणे ८.४ मीटर निघतो. दुसऱ्या अंतरात ते १.३९२ सेंटिमीटर सरकतात, ०.२०८ सेंटिमीटर मागे दिसतात, आणि वेग उणे १.७ मीटर निघतो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पण ती वेगवेगळ्या रीतीने चुकीची आहेत, आणि यातच सर्व मर्म आहे. पहिल्या अंतरासाठी वेग २० मीटरच्या पटीने संदिग्ध असतो. म्हणून तो उणे ८.४ किंवा ११.६ असू शकेल. दुसऱ्यासाठी तो १३.३ मीटरच्या पटीने संदिग्ध असतो. म्हणून तो उणे १५.१, उणे १.७ किंवा ११.६ असू शकेल. दोन्ही याद्यांत समान असलेली संख्या एकच : ११.६.

आर्यभटाच्या कुट्टकाशी परिचित असलेल्या वाचकास ही युक्ती अनोळखी वाटणार नाही. अमुक संख्येने भागिले असता अमुक बाकी, तमुकने भागिले असता तमुक बाकी, तर मूळ संख्या कोणती, असाच हा प्रश्न आहे. भाजक २० आणि १३.३, त्यांचा लघुतम सामाईक विभाज्य ४०. म्हणून उणे २० पासून अधिक २० पर्यंतचा कोणताही वेग आता निःसंदिग्धपणे ओळखता येतो. सामान्य रूपात सांगावयाचे तर नवी मर्यादा दोन स्पंदांतरांच्या वजाबाकीवर, म्हणजे येथे ०.४ मिलिसेकंदावर, अवलंबून असते. निःसंदिग्ध अंतर लहान स्पंदांतरावरून १२० किलोमीटर राहते. १५० चे १२० झाले, पण ८ चे २० झाले.

कुट्टकात बाक्या पूर्णांक व अचूक असतात. रडारच्या बाक्यांत गोंगाट मिसळलेला असतो. दोन याद्यांतील संख्या तंतोतंत जुळत नाहीत. जवळात जवळची जोडी निवडावी लागते. दोन अंतरांचे प्रमाण २ : ३ ऐवजी ४ : ५ घेतले तर वेगाची मर्यादा आणखी वाढते, परंतु याद्यांतील संख्या परस्परांच्या अधिक जवळ येतात आणि थोड्याशा गोंगाटानेही चुकीची जोडी निवडली जाण्याचा संभव वाढतो. म्हणून प्रमाण ठरविताना हाव आवरावी लागते.

५. डोंगरांचा प्रतिध्वनी

आतापर्यंतचे विवेचन पाऊस एकटाच आहे असे गृहीत धरून केले. मांढरदेव ते पानशेत या टापूत तसे कधीच नसते. तोरण्याची उंची सुमारे १,४०० मीटर, म्हणजे रडारहून केवळ शंभरेक मीटर अधिक. शलाका एक अंश रुंद असून अर्धा अंश वर उचलली, तर तिची खालची कड जवळजवळ आडवीच निघते आणि अशा शिखरांना स्पर्श करते. कड्यांचा प्रतिध्वनी पावसाच्या प्रतिध्वनीहून हजारपट बलवान असणे अशक्य नाही. समाधान इतकेच, की डोंगर हलत नाहीत : त्यांचा वेग शून्य. सम अंतराच्या नमुन्यांत फूर्ये-रूपांतर करून शून्यानजीकच्या कंप्रता वगळल्या की डोंगर नाहीसे होतात. विषम अंतराच्या नमुन्यांत काय होईल?

०.४ मिलिसेकंदाची एक सम जाळी कल्पू. तिच्यावर आपले नमुने पहिल्या व तिसऱ्या घरात पडतात. चौथे, पाचवे व दुसरे घर रिकामे. सहाव्यापासून पुन्हा तोच क्रम. म्हणजे निरीक्षणाचा साचा १, ०, १, ०, ० असा आहे. रिकाम्या घरांत शून्य मांडून फूर्ये-रूपांतर केले, तर मिळणारा वर्णपट हा खरा वर्णपट नसून या साच्याच्या वर्णपटाने विखुरलेला वर्णपट असतो. साच्याचे पाच पदांचे रूपांतर काढल्यास त्याचे परमप्रसर २, ०.६१८, १.६१८, १.६१८ आणि ०.६१८ असे येतात. त्यांत सुवर्णगुणोत्तर दिसावे यात नवल नाही, कारण येथे नियमित पंचकोनाचेच कोन येतात. वर्ग केले असता शक्ती ४, ०.३८२, २.६१८, २.६१८, ०.३८२. यांची बेरीज १० होते.

याचा अर्थ असा, की ४० मीटर रुंदीच्या वेगपट्ट्यात प्रत्येक खऱ्या रेषेच्या, ८-८ मीटरांच्या अंतराने, पाच प्रती दिसतात. शून्य वेगाच्या डोंगराच्या प्रती अधिक-उणे ८ मीटरवर मूळ शक्तीच्या साडेनऊ टक्के आणि अधिक-उणे १६ मीटरवर ६५ टक्के एवढ्या बलवान असतात. डोंगर पावसाच्या हजारपट असेल, तर ८ मीटरवर पावसाच्या ९५ पट आणि १६ मीटरवर ६५५ पट असे त्याचे छायाडोंगर उभे राहतात. आपला ११.६ मीटरचा पाऊस नेमका या दोहोंच्या मधोमध अडकतो. शून्याजवळचा भाग वगळून काम भागत नाही, आणि पाचही ठिकाणे वगळावीत तर त्यांबरोबर बराचसा पाऊसही जातो. विषम अंतराने वेगाची संदिग्धता दूर केली खरी. पण तिच्या मोबदल्यात ही नवी अडचण दिली.

येथे एक मोह होतो : रिकाम्या घरांत शून्याऐवजी शेजारच्या नमुन्यांवरून सरळ रेषेने काढलेल्या किमती भराव्यात. हा मोह टाळावा. लागोपाठच्या दोन नमुन्यांत कला अर्ध्या फेऱ्याहून अधिक फिरलेली असते. सरळ रेषा तिला सर्वांत जवळच्या वाटेने परत नेते आणि ज्या छद्म कंप्रतेतून सुटण्यासाठी हा खटाटोप केला, तीच पुन्हा वर्णपटात घुसवते. जे मोजले नाही ते मोजले होते असे भासविल्याने माहिती वाढत नाही.

खरा मार्ग वेगळा आहे. पाच प्रती दिसत असल्या तरी त्या स्वतंत्र नाहीत. त्यांची परस्परांशी असलेली प्रमाणे, परमप्रसर व कला या दोन्ही बाबतींत, साच्यावरून आधीच ठाऊक असतात. पाच ठिकाणच्या सदसत् किमतींना पाच घटकांचा एक सदिश मानले, तर डोंगराचा सदिश कोणत्या दिशेस असणार हे निरीक्षणापूर्वीच सांगता येते. त्या दिशेतील प्रक्षेप तेवढा काढून टाकावा; उरेल तो पाऊस. एम. सचिदानंद आणि झर्निच यांनी २००० साली विषम स्पंदांतरांसाठी मांडलेली गाळणी याच विचारावर उभी आहे. सचिदानंद हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अध्यापक होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

६. माहितीचा हिशेब

प्रक्षेपाने पाऊस उरतो असे म्हटले. पण तो नेहमीच पुरा सापडेल काय? याचे उत्तर मोजणीने मिळते. जाळीच्या पाच घरांपैकी दोनच घरांत नमुने आहेत. म्हणून ८-८ मीटरांच्या अंतराने येणाऱ्या पाच वेगांच्या प्रत्येक गटामागे आपल्यापाशी दोनच स्वतंत्र समीकरणे आहेत. गटात अज्ञाते दोन असतील, एक डोंगर आणि एक पाऊस, तर ती सुटतात. तिसरे आले, उदाहरणार्थ वादळी मेघात पावसाचे वेग ८ मीटरहून अधिक रुंद पट्ट्यात पसरले, तर गणिताची कोणतीही कसरत ते सोडवू शकत नाही.

हाच हिशेब १९६७ साली लँडाउने सर्वसाधारण स्वरूपात सिद्ध केला. नमुने विषम अंतराने घेतले तरी त्यांची सरासरी घनता संकेताने व्यापलेल्या कंप्रतापट्ट्याच्या एकूण रुंदीहून कमी असून चालत नाही. आपल्या उदाहरणात सेकंदाला सरासरी १,००० नमुने म्हणजे वेगाच्या भाषेत १६ मीटर रुंदी. सम अंतराच्या नमुन्यांनाही हीच रुंदी लाभते, उणे ८ ते अधिक ८. फरक इतकाच, की सम अंतराने ही रुंदी एका जागी खिळलेली असते. विषम अंतराने ती ४० मीटरांच्या पट्ट्यात कोठेही, तुकड्यातुकड्यांनी असली तरी, शोधता येते. विषमतेने माहितीचे प्रमाण वाढत नाही. माहिती कोठे आहे हे ओळखण्याची मुभा वाढते. ही मुभा मिळण्याची अट मात्र एक आहे : नमुन्यांचे क्षण आपणास अचूक ठाऊक असले पाहिजेत.

पाऊसही नेमका शून्य अरीय वेगाचा असेल, म्हणजे वारा शलाकेस काटकोनात वाहत असेल, तर डोंगर व पाऊस यांच्या दिशा एकच होतात आणि प्रक्षेपाबरोबर पाऊसही जातो. ही मर्यादा सम अंतराच्या पद्धतीतही आहे. तिच्यासाठी दुसऱ्या ठिकाणाहून पाहणारे रडार किंवा जमिनीवरील पर्जन्यमापकच उपयोगी पडतो.

७. तासांची व दिवसांची मालिका

आतापर्यंत मिलिसेकंदांचा विचार झाला. आता काळाची पट्टी बदलू. रडार आपली शलाका निरनिराळ्या कोनांतून फिरवून काही मिनिटांत आकाशाची एक फेरी पुरी करते. पानशेतच्या पाणलोट क्षेत्रावरील सरासरी पाऊस प्रत्येक फेरीतून काढला, तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत १२२ दिवसांची एक मालिका मिळते. तिच्यात रोजचे चक्र आहे काय, १० ते २० दिवसांचे वा ३० ते ६० दिवसांचे आंदोलन किती प्रबळ आहे, हे प्रश्न जलाशयाच्या व्यवस्थापनास महत्त्वाचे आहेत. रोज सकाळी साडेआठ वाजता एकदाच वाचल्या जाणाऱ्या पर्जन्यमापकास दैनिक चक्र मुळीच दिसू शकत नाही. रडारला ते दिसते. पण रडारच्या मालिकेत खंड असतात : देखभालीसाठी यंत्र थांबते, वीज जाते, फेऱ्यांचा क्रम बदलतो. येथे विषमता कोणी योजलेली नसते. ती पदरी पडलेली असते.

अशा मालिकेसाठी १८९८ साली शूस्टरने सुचविलेला आवर्तनालेख जसाच्या तसा वापरता येत नाही. सम अंतरात ज्या व कोज्या ही फलने परस्परांस लंब असतात, म्हणून प्रत्येकाचा सहगुणक स्वतंत्रपणे काढता येतो. विषम अंतरात ही लंबता मोडते. १९७६ साली लोंबने आणि १९८२ साली स्कार्गलने यावर जो उपाय पक्का केला तो साधा आहे. प्रत्येक कंप्रतेसाठी ज्या-कोज्येची जोडी लघुतम वर्ग पद्धतीने नमुन्यांस बसवावी. काळाचा आरंभबिंदू त्या कंप्रतेपुरता असा सरकवावा, की नमुन्यांच्या प्रत्यक्ष क्षणांवर दोन्ही फलने पुन्हा लंब व्हावीत. आणि त्या जोडीमुळे वर्गांच्या बेरजेत किती घट झाली ती त्या कंप्रतेची शक्ती मानावी. कोठेही रिकामी जागा भरावी लागत नाही.

या पद्धतीचा दुसरा गुण म्हणजे मालिका निव्वळ यादृच्छिक गोंगाटाची असेल, तर एखाद्या कंप्रतेची शक्ती विचरणाच्या किती पट होईल याची संभाव्यता घातांकी नियमाने सांगता येते. सातपट किंवा अधिक शक्ती येण्याची संभाव्यता हजारात एकाहूनही कमी आहे. पण येथेच नवशिका संशोधक फसतो. त्याने ५०० स्वतंत्र कंप्रता तपासल्या असतील, तर त्यांपैकी एखादीत तरी असे शिखर केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के होते. शिवाय पाऊस हा स्वतंत्र घटनांचा गोंगाट नव्हे. आता पाऊस असेल तर दहा मिनिटांनीही तो असण्याचा संभव अधिक. त्यामुळे लहान कंप्रतांकडे शक्ती आपोआपच अधिक असते, आणि शिखराची तुलना त्या उताराशी करावी लागते, सपाट गोंगाटाशी नव्हे.

खंडांचा साचाही विसरून चालत नाही. समजा, यंत्र रोज ठराविक वेळी काही तास बंद ठेवतात. मग साच्याच्या वर्णपटात २४ तासांची रेषा येते, आणि खरे ४० दिवसांचे आंदोलन तिच्या दोन्ही बाजूंस, २३.४ व २४.६ तासांवर, आपल्या प्रती उभ्या करते. घाईने पाहणारा त्यांस दैनिक चक्र समजेल. म्हणून मालिकेच्या वर्णपटाशेजारी साच्याचा वर्णपट नेहमी काढून पाहावा. पाच घरांच्या साच्याने डोंगराच्या प्रती कशा उभ्या केल्या हे ज्याच्या ध्यानात राहिले, त्यास हा इशारा वेगळा द्यावा लागणार नाही. तत्त्व एकच आहे, मिलिसेकंदांच्या जागी तास आले एवढेच.

८. ज्या खंडांना कारण असते

अखेरीस सर्वांत अवघड गोष्टीकडे वळू. वरील सर्व पद्धतींत एक गृहीतक अध्याहृत आहे : नमुना केव्हा घेतला गेला याचा, त्या क्षणी संकेत कसा होता याच्याशी संबंध नाही. स्पंदांच्या बाबतीत हे निर्विवाद खरे आहे, कारण अंतरे आपणच ठरविलेली असतात. देखभालीच्या बाबतीतही ते बहुधा खरे असते. पण पावसाळ्याच्या मध्यावर सह्याद्रीत पडणाऱ्या खंडांची गोष्ट निराळी आहे. मुसळधार पावसात वीज जाते, रस्ते बंद होतात. तीन सेंटिमीटर तरंगलांबीची शलाका तर जोराच्या पावसातून जाताना स्वतःच क्षीण होते; मधली सर इतकी दाट असू शकते, की तिच्या पलीकडचे पाणलोट क्षेत्र रडारला दिसतच नाही. म्हणजे जे नमुने हरवतात ते सर्वाधिक पावसाचेच असण्याचा संभव असतो.

अशा मालिकेस लोंबची पद्धती लावली तर ती निमूटपणे एक नीटनेटका वर्णपट देईल. तो दिसावयास निर्दोष असेल आणि मुळातच खोटा असेल; कारण उरलेल्या नमुन्यांत जोराच्या पावसाचे प्रतिनिधित्वच नाही. हा दोष वर्णपट पाहून ओळखता येत नाही आणि त्याच नमुन्यांवर आणखी गणित करून दूरही होत नाही. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो : घाटमाथ्यावरील स्वयंचलित पर्जन्यमापक, मुंबईस २०१० पासून उभे असलेले सुमारे दहा सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार, ज्याची शलाका पावसात फारशी क्षीण होत नाही, मात्र पानशेतपासून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे, किंवा दोन ध्रुवणांतील प्रतिध्वनींचे कलांतर, जे शलाका क्षीण झाली तरी ती पूर्णपणे बुजेपर्यंत विश्वासार्ह राहते.

म्हणून या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक साधी सवय लावून घ्यावी, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक नमुन्याबरोबर त्याचा प्रत्यक्ष क्षण नोंदवावा, फेरीचा नाममात्र क्षण नव्हे. प्रत्येक खंडाचा आरंभ, शेवट आणि कारण वहीत लिहून ठेवावे. नमुना नसणे आणि पाऊस नसणे यांसाठी एकच शून्य कधीही वापरू नये. ही कामे कंटाळवाणी आहेत, आणि त्यांचा उल्लेख प्रबंधात क्वचितच होतो. परंतु वर्णपटातील कोणते शिखर आकाशातील आहे आणि कोणते आपल्या साच्यातील आहे, याचा निर्णय शेवटी याच नोंदींवर अवलंबून असतो.

अंतर विषम असणे हा दोष नव्हे. ठाऊक असलेली विषमता हे एक उपकरण आहे; तिने ८ मीटरची मर्यादा २० वर नेता येते, हे आपण पाहिले. ठाऊक नसलेली विषमता ही अडचण आहे, पण नोंदींनी ती आवरता येते. जी विषमता पावसानेच घडविलेली असते, तिच्यापुढे मात्र गणिताने नम्र व्हावे आणि दुसऱ्या मोजमापाची वाट पाहावी. पानशेतच्या भिंतीवर उभ्या असलेल्या अभियंत्यास दरवाजे किती उघडावयाचे हे ठरविताना सुबक वर्णपटापेक्षा एक गोष्ट अधिक उपयोगी पडेल : मागच्या तासाभरातील कोणत्या क्षणांविषयी रडारला खरोखर काही ठाऊक आहे आणि कोणत्या क्षणांविषयी नाही, याचे प्रामाणिक विवरण.